शेऱ्याचा रकाना

ताल्काउआनोच्या गोदीत, कारकुनांच्या खोलीत,
मला एकच पान दिलंय.
त्यात एकतीस वर्षांचं जहाज बसवायचं:
रुजू तारीख, दुरुस्त्या, सफरी, निवृत्ती,
आणि उजवीकडे करंगळीएवढा शेऱ्याचा रकाना.

नाव: पासिएन्सिया. म्हणजे धीर.
आधी टग होती,
मोठ्या जहाजांना कुशीला धरून धक्क्याला आणायची.
एकसष्ट साली तिची तोफ उतरवली,
त्या जागी विंच, नऊ हजार मीटर तार,
आणि एका आरमारी जहाजाला सांगितलं,
शत्रू राहू दे, आता तळ शोध.

विंचवर नोल्बेर्तो लेविकोय, चिलोए बेटाचा,
बोलण्यात कंजूष.
आताकामाच्या खंदकावर पहिल्यांदा तार सोडली
तेव्हा चार तास ती जातच राहिली.
ठाव लागला की तार सैल पडते.
नोल्बेर्तोला ते तळहातात कळायचं,
काटा हलायच्या आधी.
“सात हजार नऊशे बारा,” म्हणाला, आणि जेवायला गेला.
नोंदवहीत: खोली मोजली. शेरा निरंक.

अडुसष्टला कोन्सेप्सिओनहून बाई आल्या,
एर्मेलिंदा साल्दिविया.
जहाजावर बाई म्हणजे अपशकुन,
असं आचारी मीठ टाकता टाकता पुटपुटला.
खंदकातून वर आलेला करडा चिखल
बाईंनी चमच्याच्या टोकाने जिभेवर ठेवला.
सगळं डेक थांबलेलं.
“थंड आहे,” त्या म्हणाल्या, “आणि दातांत कचकचतो.”
त्या रात्रीपासून आचारी पहिलं ताट त्यांना वाढू लागला.
हे कुठल्या रकान्यात जातं?

पुढे पुढे खलाशी नमुन्यांच्या पिंजऱ्याला
जाळीतून थर्मोकोलचे पेले बांधायचे,
पेल्यांवर पोरांची नावं.
वर यायचे ते अंगुस्तानाएवढे होऊन.
अक्षरं तीच, फक्त लांब गेल्यासारखी.
माझी मुलगी आता माझ्या खांद्याला लागते.
तिच्या पेल्यात एक चमचा पाणी मावतं.

त्र्याहत्तरचा सप्टेंबर मी मुद्दाम मागे ठेवला.
त्या महिन्यात पासिएन्सिया समुद्रात गेलीच नाही.
सव्वीस दिवस धक्क्याला, दिवे मालवलेले,
प्रयोगशाळेला बाहेरून कुलूप.
नोंदवहीत: बंदरात. शेरा निरंक.
मी बावीस वर्षांचा, शिक्के मारायचो.
रात्री शिडीवरून बूट किती चढले,
अनवाणी पाय किती,
मी विचारलं नाही.
नोल्बेर्तोनेही नाही. फक्त एकदा
तो पावाची पिशवी घेऊन खाली गेला
आणि मोकळ्या हातांनी वर आला.
आठवड्यात त्याची बदली झाली, रंगाच्या गोदामात,
तारेपासून दूर.
तिथेही निरंक. ते निरंक मीच टंकलं होतं.

गेल्या मंगळवारी गॅस कटरने प्रयोगशाळेची भिंत कापली.
बाटल्यांचं फडताळ सुटून आलं.
त्याच्या पाठीवर, कशाच्या तरी टोकाने, रेघा.
पाचापाचाच्या जुड्या, वर एक सुटी.
बोट लावून मोजल्या, दोनदा.
खाली एक अक्षर सुरू केलेलं,
एक उभी, दोन आडव्या:
एफ असेल, नाहीतर ई व्हायचा राहिलेला.

निवृत्ती: १९९२.
विल्हेवाट: भंगार, वजनावर.
एवढी वर्षं पाण्याचा थांग आम्ही
मीटरात लावला, मग दशांशात,
आणि पायाखालच्या एका खोलीचा
कधी विचारला नाही.

दारात अधिकारी. “झालं का?”
रकाना लहान आहे. त्यात दोनच शब्द मावतात.
मी टंकतो: सव्वीस रेघा.

आणि हात थांबतो.
तार सैल पडते तेव्हा तळहाताला
असंच होत असावं.